लिओ मॉरिस ते इद्रिस मुहम्मद : अमेरिकेतल्या एका मुस्लिम ड्रमरची कारकीर्द

इद्रिस मुहम्मद (मूळ नाव लिओ मॉरिस, जन्म १३ नोव्हेंबर १९३९, न्यू ऑर्लिन्स, मृत्यू २९ जुलै २०१४, फोर्ट लॉडरडेल, फ्लोरिडा) हे अमेरिकेतले जॅझ आणि फंक संगीताचे नामांकित ड्रमवादक. रिदम अँड ब्लूज, सोल, फंक, ब्रॉडवेचं संगीतनाटक, डिस्को आणि उतारवयात पुन्हा निखळ जॅझ, इतक्या वेगवेगळ्या घरांत वावरूनही ज्यांचा हात ऐकताक्षणी ओळखू यायचा, अशा मोजक्या वादकांत त्यांचं नाव घेतलं जातं.

आपल्याकडे अमेरिकी मुसलमान म्हटलं की मुहम्मद अली आणि मॅल्कम एक्स ही दोन नावं येतात. तिसरं चटकन सुचत नाही. जॅझच्या दुनियेत मात्र अशी नावं ओळीने सापडतात. ड्रमर आर्ट ब्लेकी यांनी अब्दुल्लाह इब्न बुहैना हे नाव घेतलं होतं, पियानोवादक मॅकॉय टायनर यांचं मुस्लिम नाव सुलेमान सऊद होतं, सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणारे युसेफ लतीफ होते, पियानोवादक अहमद जमाल होते. इद्रिस मुहम्मद याच रांगेतले, पण प्रसिद्धीत थोडे मागे. कारण साधं आहे: आयुष्यभर त्यांनी बहुतेक काम दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर केलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संगीत जायज की नाजायज, यावर उलमांमध्ये जुना इख्तिलाफ आहे. दफची गोष्ट वेगळी, इतर वाद्यांची वेगळी. तो मसला सोडवण्याची आमची पात्रता नाही. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. इथे एका माणसाच्या आयुष्याची आणि कामाची नोंद आहे, आणि त्यात काही अडचणीच्या जागाही आहेत. त्या आम्ही झाकलेल्या नाहीत.

गल्लीतला ढोल

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचं बंदर. फ्रेंचांच्या काळात तिथे आणलेल्या गुलामांत सेनेगल-गँबिया भागातले लोक मोठ्या संख्येने होते, आणि त्या भागात इस्लाम तेव्हाच रुजलेला होता. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत गुलामांना ढोल वाजवायला बंदी होती. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र रविवारी काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात ते जमत, वाजवत, नाचत. यावरून लिओ मॉरिसच्या खानदानाचा धागा थेट तिकडे जोडण्याचा मोह होतो, पण तसा पुरावा कुणी मांडलेला नाही. मोह आवरलेला बरा. इतकं नक्की, की त्या शहरात ढोलाचा आवाज कधी तुटला नाही.

तिथली अंत्ययात्रासुद्धा बँडसोबत निघते. दफनापर्यंत संथ सूर, परतताना नाचरा ठेका. पुढे बँड आणि घरची माणसं, मागून छत्र्या-रुमाल नाचवत येणारा मोहल्ला. या मागच्या रांगेला ‘सेकंड लाइन’ म्हणतात आणि तिच्या चालीवरून त्या ठेक्यालाही तेच नाव पडलं. मिरवणुकीत एकाच्या गळ्यात मोठा ढोल असतो, त्यावर छोटी झांज. दुसऱ्याकडे काठ्यांनी वाजणारा पातळ, कडक आवाजाचा स्नेअर. आपल्याकडच्या ढोल-ताशाच्या पथकात जशी कामाची वाटणी असते, जवळपास तशीच. आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो, तो म्हणजे ही अख्खी मिरवणूक एका माणसाच्या दोन हात-दोन पायांत आणून बसवलेली.

लिओ लहानपणी हेच ऐकत वाढला. रस्त्यावरचे ब्रास बँड होते. पिसांचे आणि मण्यांचे भव्य पोशाख घालून निघणारे, ‘मार्डी ग्रा इंडियन’ म्हणून ओळखले जाणारे कृष्णवर्णीयांचे जथे होते. शिवाय एक तिसरा उस्ताद होता, जो माणूस नव्हता. घराशेजारी कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान होतं आणि तिथल्या वाफेच्या प्रेसचा ‘स्स्स’ असा आवाज दिवसभर कानावर पडायचा. पुढे हाय-हॅटमधून, म्हणजे पायाने उघडायच्या-मिटायच्या झांजांच्या जोडीतून, त्यांनी जो सुसकारा काढला त्याचं मूळ ते या प्रेसमध्ये सांगत. त्यांच्या वादनात हा ‘स्स्स’ दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत येतो. एकदा कानाला सापडला की मग प्रत्येक रेकॉर्डवर सापडतो.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १९५६ साली, फॅट्स डॉमिनो यांच्या गाजलेल्या ‘ब्लूबेरी हिल’च्या ध्वनिमुद्रणात त्यांनी वाजवल्याचं त्यांच्या बहुतेक चरित्रांत येतं. त्या काळी लोकप्रिय गाण्यांच्या तबकड्यांवर साथीदारांची नावं छापत नसत, त्यामुळे अशा नोंदी जपूनच वाचाव्या लागतात. यानंतरचा काळ मात्र स्वच्छ आहे. गावातल्या आर्ट नेव्हिल यांच्या हॉकेट्स या बँडमध्ये ते वाजवत होते. मग सॅम कुक, जेरी बटलर आणि कर्टिस मेफिल्ड यांच्यासारख्या गायकांसोबत त्यांचे दौरे आणि ध्वनिमुद्रणं सुरू झाली. गायकाच्या मागे बसून वाजवायचं म्हणजे शब्द ऐकत वाजवायचं. त्यांच्या हाताला संयमाचं वळण इथेच लागलं असावं, असं आम्हाला वाटतं. जॅझच्या शाळेतून थेट आलेल्या ड्रमरांमध्ये ते इतक्या सहज दिसत नाही.

१९६७ : एक ठेका

१९६० च्या दशकाच्या मध्याला ते न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसन यांच्या बँडमध्ये आले. तेव्हा जॅझसमोर एक पेच होता. तरुण श्रोते सोल आणि रॉककडे वळले होते. जॅझची मूळ चाल झुलती: उजवा हात मोठ्या झांजेवर ‘डिंग, डिग-डिंग’ करत राहतो आणि बाकी सगळं तिच्यावर तरंगतं. फंकची चाल जमिनीला धरून असते. तिथे पहिल्या मात्रेला वजन, दुसऱ्या-चौथीवर स्नेअरचा फटका, आणि मधे अगदी हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या टिचक्यांची भरणी. या दोन्हींचा मेळ घालायला गेलं की बहुधा दोन्हीकडचा जीव जातो.

एप्रिल १९६७ मध्ये ब्लू नोट कंपनीसाठी डोनाल्डसन यांनी ‘अ‍ॅलिगेटर बूगलू’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. ऑर्गनवर लॉनी स्मिथ, गिटारवर तरुण जॉर्ज बेन्सन, कॉर्नेटवर न्यू ऑर्लिन्सचेच मेल्विन लास्टी आणि ड्रमवर लिओ मॉरिस. शीर्षकगीतात ड्रम काही चमत्कार करत नाहीत. मोठा ढोल मात्र अपेक्षित जागेच्या किंचित अलीकडे-पलीकडे पडतो, मिरवणुकीत चालणाऱ्याचं पाऊल पडावं तसा. हा सेकंड लाइनचा ठेका होता, न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये आणून बसवलेला. रेकॉर्ड खपली. नंतरची काही वर्षं ब्लू नोटला याच चालीची गोडी लागली आणि लिओ मॉरिस यांना कामाची ददात उरली नाही.

नावाचा प्रश्न

नेमक्या याच काळात त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि इद्रिस मुहम्मद हे नाव घेतलं. हजरत इद्रिस (अलैहिस्सलाम) यांचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये सूरह मरयम आणि सूरह अंबिया या दोन ठिकाणी येतो: एका जागी सच्चे म्हणून, दुसऱ्या जागी सब्र करणाऱ्यांमध्ये.

नाव बदलणं त्या काळी किती महाग पडत असे, हे मुहम्मद अलींच्या उदाहरणावरून कळतं. १९६४ मध्ये त्यांनी नाव बदललं, तरी अनेक वर्तमानपत्रं पुढची कित्येक वर्षं त्यांना ‘क्ले’च लिहीत राहिली. फेब्रुवारी १९६७ च्या लढतीआधी एर्नी टेरेल यांनी त्यांना जुन्याच नावाने पुकारलं आणि रिंगमध्ये अलींनी प्रत्येक ठोशासोबत आपलं नाव विचारलं, हा किस्सा आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे. जॅझमधल्या आधीच्या पिढीत गंमत उलटी होती. ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की मुस्लिम नाव घेतलेल्या काही कृष्णवर्णीय वादकांना वर्णभेदी हॉटेलांत आणि सरकारी कागदांत ‘नीग्रो’ या खान्यातून सुटका मिळत असे. म्हणजे नाव कधी दार उघडायचं, कधी बंद करायचं.

इद्रिस यांची अडचण रोजीरोटीची होती. ध्वनिमुद्रणासाठी वाजवणाऱ्याला काम मिळतं ते नावावर. निर्माता फोन उचलतो आणि म्हणतो, अमुक माणूस बोलवा. तो अमुक म्हणजे लिओ मॉरिस हे साऱ्या न्यूयॉर्कला ठाऊक होतं. इद्रिस मुहम्मद कोण, हे कुणालाच नाही. एका परिचिताने त्यांना हेच सांगितलं: नाव बदललंस तर दोघं एकच आहेत हे कळणार कुणाला? इद्रिस यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलेल्या उत्तराचा आशय असा, की मी माणूस तोच राहिलो तर लोक ओळखतील. आणि वाजवण्याच्या ढंगावरूनच लोकांनी त्यांना ओळखलं.

जुनी रेकॉर्ड-वेष्टणं पाहिली तर हा बदल आजही डोळ्यांना दिसतो. १९६७-६८ च्या ब्लू नोट अल्बमांवर ‘लिओ मॉरिस, ड्रम्स’ असं छापलेलं आहे. ऑगस्ट १९७० मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क इथे गिटारवादक ग्रँट ग्रीन यांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण झालं, ‘अलाइव्ह!’ या नावाने ते निघालं, त्यावर ‘इद्रिस मुहम्मद’ आहे. मधे काही घडलं याची खूणसुद्धा संगीतात नाही. हात तोच, ‘स्स्स’ तोच. ज्या मुलांना शाळेत पहिल्या दिवशी हजेरीच्या वेळी आपल्या नावाचा उच्चार दुरुस्त करून सांगावा लागतो, त्यांना ही दोन वेष्टणं शेजारी ठेवून दाखवावीत असं आम्हाला फार वाटतं.

१९६६ मध्ये त्यांचं लग्न डोलोरेस ‘लाला’ ब्रुक्स यांच्याशी झालं होतं. ‘द क्रिस्टल्स’ या गायिकांच्या गटातला हा प्रमुख आवाज. १९६३ चं ‘दा डू रॉन रॉन’ त्यांनीच गायलेलं. त्यांनीही इस्लाम स्वीकारला, सकीना मुहम्मद हे नाव घेतलं, आणि नवऱ्याच्या १९७१ च्या ‘पीस अँड रिदम’ अल्बममध्ये त्याच नावाने गायल्या. पुढे १९८० च्या दशकात हे कुटुंब काही वर्षं युरोपात होतं. १९९९ मध्ये दोघं विभक्त झाले.

‘हेअर’, प्रेस्टिज आणि एक वर्ष डिस्कोचं

१९६९ पासून काही वर्षं ते ब्रॉडवेवरच्या ‘हेअर’ या रॉक-संगीतनाटकाच्या बँडमध्ये होते. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारं हे नाटक हिप्पी तरुणांचं होतं, आणि त्यातल्या विवस्त्र प्रसंगावरून व नशेच्या चित्रणावरून देशभर गदारोळ झाला होता. नव्याने मुसलमान झालेला माणूस आणि हे नाटक, हा जोड आपल्या वाचकांना खटकेल, आम्हालाही खटकला. पण घर चालवणाऱ्या वादकासाठी ब्रॉडवे म्हणजे दर आठवड्याचा नक्की पगार. संध्याकाळी नाटक, दिवसा स्टुडिओ, असं त्यांचं वेळापत्रक बनलं आणि त्यांची सर्वांत भरीव ध्वनिमुद्रणं याच वर्षांतली आहेत.

१९७० ते १९७२ ते प्रेस्टिज कंपनीचे जणू घरचे ड्रमर होते. त्या दिवसांत न्यू जर्सीच्या एंगलवुड क्लिफ्स इथला रूडी व्हॅन गेल्डर यांचा स्टुडिओ जॅझचं केंद्र होता. ब्लू नोट, प्रेस्टिज, सीटीआय, सगळ्यांचं काम तिथे चाले. कंपनी बदले, खोली तीच. इद्रिस यांनी इथे कुणाकुणासाठी वाजवलं याची यादी करत बसलो तर लेख संपणार नाही. ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर यांचा १९७१ चा ‘इनर सिटी ब्लूज’ मात्र सांगायलाच हवा. वॉशिंग्टन तोवर अनोळखी होते, आणि त्यांचा पहिला अल्बम इतका चालला त्यात मागच्या बैठकीचा वाटा मोठा आहे.

त्यांचे स्वतःच्या नावाचे अल्बम ‘ब्लॅक रिदम रेव्होल्यूशन!’पासून सुरू झाले. उत्तम मात्र १९७४ चा ‘पॉवर ऑफ सोल’. फक्त चार रचना. शीर्षकगीत जिमी हेन्ड्रिक्सचं, आणि शेवटची ‘लोरान्स डान्स’ ही ग्रोव्हर वॉशिंग्टन यांची. ड्रमर स्वतः म्होरक्या असला की बहुतेकदा लांबलचक एकलवादन ऐकावं लागतं. इथे तसं जवळपास काही नाही. अल्बम त्यांचा, पण ते बसलेत मागेच.

१९७७ मध्ये डिस्कोची लाट होती. ‘टर्न धिस मदर आउट’ नावाचा अल्बम निघाला. नाव फाजील, वेष्टणही त्याच चालीचं. जॅझवाल्यांनी नाकं मुरडली. पण त्यातलं ‘कुड हेवन एव्हर बी लाइक धिस’ हे आठ-साडेआठ मिनिटांचं गाणं नाचघरांत गाजलं आणि आजही वाजतं. नंतरचे दोन-तीन डिस्को अल्बम आमच्या मते विसरण्यासारखे आहेत.

परत जॅझकडे, आणि फज्रनंतर

बाजार सोडून ते परतले ते ताकदीने. १९७० च्या दशकाच्या शेवटी सॅक्सोफोनवादक जॉनी ग्रिफिन यांच्यासोबत, मग फॅरो सँडर्स यांच्यासोबत. सँडर्स यांच्या ‘जर्नी टू द वन’ (१९८०) मधली ‘यूव्ह गॉट टू हॅव फ्रीडम’ ही रचना ऐकावी. सॅक्सोफोन किंचाळतो, पियानो उसळतो, आणि ड्रमर दोघांना भिंतीसारखा आधार देत राहतो. त्याच वर्षीचा त्यांचा स्वतःचा ‘कब्शा’ अल्बम अगदी छोट्या संचाचा आहे. फंकवाला म्हणून ज्यांना ते माहीत होते, त्यांना झुलत्या जॅझवरची त्यांची पकड इथे कळली. १९९० नंतर जॉन स्कोफिल्ड यांचा ‘ग्रूव्ह इलेशन’ (१९९५), जो लोव्हानो यांची त्रयी, अशी पुढच्या पिढीची बोलावणी येतच राहिली.

पण या टप्प्यातलं आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं नातं अहमद जमाल यांच्याशी आहे. पिट्सबर्गचे जमाल मूळचे फ्रेडरिक रसेल जोन्स. १९५० च्या सुमारास मुसलमान झाले. १९५८ मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘पॉइन्सियाना’ने ते घराघरांत पोहोचले, आणि त्या रचनेत ड्रमवर होते न्यू ऑर्लिन्सचे व्हर्नेल फोर्निए. तेही १९७५ मध्ये मुसलमान झाले आणि अमीर रुश्दान म्हणवू लागले. जमाल यांना आयुष्यभर न्यू ऑर्लिन्सच्याच ड्रमरांची ओढ राहिली: फोर्निए, इद्रिस, हर्लिन रायली. जमाल यांच्या पियानोत रिकाम्या जागा फार असतात. एक वाक्य म्हणून ते थांबतात आणि ती शांतता ड्रमरच्या हवाली करतात. ती न भरता नुसती सांभाळायची, हे काम मिरवणुकीच्या चालीवर वाढलेल्या माणसालाच जमत असावं.

या जोडीच्या एका अल्बमचं नाव आहे ‘आफ्टर फज्र’, म्हणजे फज्रनंतर. २००५ मध्ये तो निघाला. बेसवर जेम्स कॅमॅक, बाकी हे दोघे. इद्रिस तेव्हा पासष्टीत, जमाल पंच्याहत्तरीच्या घरात. जॅझ म्हणजे रात्रीचं, धुरकट क्लबांतलं संगीत अशी सगळ्यांची समजूत, आणि या दोन नमाजी बुजुर्गांच्या रेकॉर्डचं नाव पहाटेचं.

२०११ च्या सुमारास इद्रिस न्यूयॉर्क सोडून आपल्या गावी, न्यू ऑर्लिन्सला परतले. २०१२ मध्ये ब्रिट अलेक्झांडर यांच्या साथीने त्यांनी आपलं चरित्र ‘इनसाइड द म्युझिक’ प्रसिद्ध केलं. तब्येत ढासळत होती, डायलिसिस चालू होतं. २९ जुलै २०१४ रोजी फ्लोरिडात त्यांचं निधन झालं (इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन). वय ७४. ज्या शहरात वादकाची मय्यत बँडसोबत निघते, त्या शहराच्या या ढोलवाल्याचं दफन इस्लामी रीतीने, विनाविलंब झालं.

ठेका कुणाचा?

१९७४ मध्ये पियानोवादक बॉब जेम्स यांच्या ‘वन’ या अल्बमच्या शेवटी ‘नॉटिलस’ नावाची रचना होती, ड्रमवर इद्रिस. तेव्हा तिची फारशी चर्चा झाली नाही. दहा-पंधरा वर्षांनी हिपहॉपवाल्यांना ती सापडली. जुन्या तबकडीतला दोन-चार सेकंदांचा तुकडा कापायचा आणि तो पुन्हापुन्हा फिरवून त्यावर नवं गाणं बांधायचं, याला सॅम्पलिंग म्हणतात. रन-डीएमसीपासून गोस्टफेस किलापर्यंत कितीतरी जणांनी ‘नॉटिलस’ कापली. जगात सर्वाधिक कापल्या गेलेल्या रचनांत तिची गणना होते. ‘लोरान्स डान्स’चंही तसंच झालं.

यात पैशाचा हिशेब विचित्र आहे. मानधन मिळतं संगीतकाराला आणि ज्या कंपनीकडे ध्वनिमुद्रणाचे हक्क आहेत तिला. स्टुडिओत येऊन ठेका वाजवून गेलेल्याला त्या दिवसाची मजुरी मिळालेली असते. ठेक्यावर त्याचा कायदेशीर हक्क साधारणपणे धरला जात नाही. अनेक जुने ड्रमर याबद्दल कडवटपणे बोलले, आणि त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. इद्रिस यांचा सूर मात्र वेगळा होता. हे हुनर निर्मात्याने दिलेलं आहे, ते आपल्या खिशात कोंडून ठेवलं तर पुढे जाणार नाही, अशा आशयाचं ते बोलले होते. उर्दूत याला अमानत म्हणतात. तरीही ज्यांच्या घरात कमावणारा एकच हात असतो, त्यांना कायद्यातली ही फट दिसायला हवी.

मृत्यूनंतर काही महिन्यांनी, २०१५ मध्ये, इंग्लंडच्या जेमी एक्सएक्स यांचं ‘लाउड प्लेसेस’ आलं. त्यात ‘कुड हेवन एव्हर बी लाइक धिस’मधला समूहस्वर घेतलेला आहे, आणि त्यातून एक नवी पिढी मूळ गाण्यापर्यंत पोहोचली.

ज्यांना ऐकायचंच आहे त्यांनी क्रम असा ठेवावा: आधी ‘अ‍ॅलिगेटर बूगलू’, मग ‘नॉटिलस’, मग ‘लोरान्स डान्स’, आणि शेवटी ‘आफ्टर फज्र’. दर वेळी पियानो-सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून फक्त डाव्या पायाच्या झांजा ऐकाव्यात. दोन ठोक्यांच्या मधे, इस्त्रीच्या दुकानातली वाफ सुटल्यासारखा तो आवाज चारही ठिकाणी येतो.